नेत्रदान: आजीचं कार्ड दहाव्याला सापडलं, बाबांच्या वेळी फोन लागला

कृष्णाकाठ | २८ ऑगस्ट, रात्री ९:४०

आजीने नेत्रदानाचा अर्ज भरला होता हे आम्हाला तिच्या दहाव्याला कळलं. पोथी बांधायच्या लाल रुमालात ते कार्ड होतं, घडीवर मऊ पडलेलं. खाली तिची थरथरती सही आणि १९९८ साल. गावात शिबिर झालं होतं, तेव्हा भरलं असणार. आजी गेली २०११ मध्ये. तेरा वर्षं कार्ड देवघरात होतं, आणि माणूस गेल्यावर ज्या सहा तासांत डोळे घेता येतात तेव्हा रुमाल सोडायचं कुणाला सुचलं नाही. बाबा ते हातात घेऊन ओसरीवर बराच वेळ बसून होते. कुणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला आमच्याकडे गॅसवाला, वायरमन, दूधवाला असे सगळे नंबर लिहिलेले असतात. तिथेच त्यांनी मार्करने नेत्रपेढीचे दोन नंबर लिहिले आणि खाली एक ओळ: ‘मी गेलो की आधी इथे. मग पाहुण्यांना.’

बाबा गेल्या ऑक्टोबरमध्ये गेले, रात्री पावणेतीनला, झोपेतच. दादाने आमच्या डॉक्टरांना फोन लावला, मी कपाटाचं दार उघडलं. पहिला नंबर नुसता वाजत राहिला. दुसरा लागला. पलीकडून शांतपणे प्रश्न आले: वय काय, किती वाजता गेले, कशाने गेले, कधी कावीळ झाली होती का, कुत्रा चावला होता का. मग ते म्हणाले, “ताई, पंखा चालू असेल तर आधी बंद करा. पापण्या मिटवा. स्वच्छ कापूस पाण्यात भिजवून, पिळून पापण्यांवर ठेवा. डोक्याखाली दोन उशा द्या. आम्ही निघतो.”

पंख्याचं मला ठाऊक नव्हतं. घरात कुणी गेलं की माणसं जमतात, उकडतं, आणि आपण पंखा मोठा करतो. त्या वाऱ्याने डोळा सुकतो. आत्याने तीनदा पंखा लावला आणि मी तीनदा बंद केला. शेवटी वहिनी बटणापाशी उभी राहिली.

साडेचारला दोघे आले. आईची सही घेतली, साक्षीदार म्हणून दादा आणि शेजारचे काका. ज्या खोलीत बाबा होते तिथून आम्हाला बाहेर यायला सांगितलं. आई उंबऱ्याशीच बसली. वीस-पंचवीस मिनिटांनी दार उघडलं तेव्हा बाबांच्या चेहऱ्यात काही बदललेलं नव्हतं. पापण्या मिटलेल्या, थोड्या भरलेल्याच दिसत होत्या. आईने त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि तुळशीपत्र मागितलं. सकाळी नऊला आम्ही घाटावर होतो, काहीच अडलं नाही.

आता नेत्रदान पंधरवडा सुरू आहे (२५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर), सगळीकडे फॉर्म भरून घेतायत. फॉर्म भराच. पण आमच्या घरात फॉर्म असून उपयोग झाला नाही आणि दारावरच्या दोन नंबरांचा झाला. बाबांनी तर फॉर्म भरलाच नव्हता! इथे ज्यांना या कामातलं आतून माहीत आहे त्यांनी लिहा. मला अजून पुष्कळ समजून घ्यायचंय.

---

बर्फाचा_डबा | २८ ऑगस्ट, रात्री ११:०५

कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांना नमस्कार. मी नेत्रपेढीत तंत्रज्ञ आहे, चौदा वर्षं झाली. रात्री-बेरात्री कॉल आला की जाणाऱ्या दोघांपैकी एक.

दार लावल्यावर आत काय होतं हे लोक विचारत नाहीत, पण मनात असतं. म्हणून सांगतो. आम्ही आधी नमस्कार करतो. हे नियमात लिहिलेलं नाही, पण मला ज्यांनी शिकवलं ते करायचे. मग डोळ्यांत टॉर्च टाकून बघतो. हात धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालून, चेहरा बेटाडीनने पुसून, वर डोळ्याला भोक असलेलं कापड अंथरतो. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा छोटा चिमटा लावतो. पूर्वी सगळीकडे अख्खा डोळाच काढायचे. आता आम्ही बहुतेक वेळा फक्त पारपटल काढतो. बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो तो, भोवतालच्या पांढऱ्या भागाची दोन-चार मिलिमीटरची कड ठेवून. तो लगेच एका छोट्या बाटलीत सोडतो. बाटलीतलं द्रावण गुलाबी असतं. त्यात तरंगणारं पारपटल हातघड्याळाची काच असावी तसं दिसतं, फक्त मऊ. मग डोळ्यावर प्लास्टिकची टोपी बसवून पापणी मिटवतो. अख्खा डोळा काढला तर खोबणीत कापूस भरून वर टोपी. खळगा दिसत नाही. शिवाय पाच-दहा मिलिलिटर रक्त घेतो, एड्स, कावीळ ब आणि क, सिफिलिस या तपासण्यांसाठी.

पूर्वी यासाठी डॉक्टरच लागायचे. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा. त्यात २०११ साली दुरुस्ती झाली आणि प्रशिक्षित तंत्रज्ञांना हे काम करता येऊ लागलं. खेड्यापाड्यांत पोचणं त्यामुळे बरंच सोपं झालं.

तिथून बर्फाच्या डब्यातून पेढीत. डबा मी गाडीत मांडीवर घेतो, मागे ठेवत नाही.

पेढीत पारपटल सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याच्या सगळ्यात आतल्या थरात पेशींची एकच रांग असते, षटकोनी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. या पेशी पडद्यातलं पाणी सतत बाहेर उपसत असतात, म्हणून तो पारदर्शक राहतो. आणि त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण दोन हजारांच्या वर पेशी असल्या तर ते पारपटल दृष्टी देण्यासाठी वापरतात. पडदा टिकवायचा वेळ द्रावणावर ठरतो. एमके मीडियम म्हणतात त्यात चार दिवस, मदुराईला बनणाऱ्या कॉर्निसोलमध्ये चौदा दिवसांपर्यंत.

---

भाबडा_प्रश्न | २९ ऑगस्ट, सकाळी ८:१२

वाचून गलबलून आलं. माझे तीन प्रश्न आहेत, चुकले तर सांभाळून घ्या.

वडिलांना वीस वर्षं मधुमेह आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. त्यांचे डोळे चालतील का? दुसरं, समोरच्याला पूर्ण डोळा बसवतात का? आणि तिसरं, आमची मोठी आत्या म्हणते डोळे दिले तर माणूस पुढच्या जन्मी आंधळा येतो. तिला काय सांगू?

---

पापणीकाठ | २९ ऑगस्ट, दुपारी २:३०

मी डोळ्यांची डॉक्टर आहे. भाबडा_प्रश्न, सांभाळून घेण्यासारखं काही नाही, ओपीडीत रोज हेच विचारतात.

मधुमेह, रक्तदाब, दमा, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, यातलं काहीच आड येत नाही. मोतीबिंदूत बदलतात ते आतलं भिंग. पारपटल वेगळं. वयालाही वरची मर्यादा नाही. आड येतात ते एड्स, कावीळ ब आणि क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मेंदूज्वर, आणि मृत्यूचं कारणच कळलं नसेल तर. पण ही छाननी पेढीचं काम. घरच्यांनी आपल्या मनाने ‘चालणार नाही’ ठरवून फोन टाळू नये.

पूर्ण डोळा बसवून दिसायला लागत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला एका रुग्णाला चेहऱ्याच्या भागासह अख्खा डोळा बसवला, त्यात रक्तपुरवठा टिकला, पण दृष्टी आली नाही. डोळा आणि मेंदू जोडणारी नस पुन्हा जुळवणं अजून जमलेलं नाही. म्हणून काचबिंदूने नस सुकलेल्यांना किंवा डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) खराब झालेल्यांना नेत्रदानाचा उपयोग होत नाही. ज्यांचं पारपटल पांढरं झालंय, ज्याला आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात, त्यांना होतो. अशी माणसं म्हातारी असतात असा समज आहे. तो खरा नाही. २०१५ ते २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीच्या आतल्या अंधत्वाचं पहिलं कारण पारपटलाचं निघालं, ३७.५ टक्के. शेतात पात लागणं, बुरशी, लहानपणी अ जीवनसत्त्वाची कमतरता, फटाके, चुना.

चुन्याबद्दल थोडं थांबते, कारण तो मला फार छळतो. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची पुडी किंवा डबी मुलं खेळायला घेतात, दाबतात, आणि ती थेट डोळ्यात फुटते. चुना पारपटल तर जाळतोच, पण त्याच्या कडेला ज्या मूळपेशी (स्टेम सेल) असतात त्याही जाळतो. मग नुसतं नवं पारपटल बसवून टिकत नाही, आधी निरोगी डोळ्यातून मूळपेशी आणून लावाव्या लागतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेने त्याची सोपी पद्धत बसवली आहे. घरात चुना असेल तर उंच ठेवा. उडालाच तर दवाखान्याकडे पळायच्या आधी नळाखाली वीस-तीस मिनिटं सलग डोळा धुवा.

आता प्रत्यारोपण. खराब झालेली चकती साधारण साडेसात-आठ मिलिमीटरची, गोल पात्याने कापून काढतात. त्याहून किंचित मोठी चकती दात्याच्या पारपटलातून कापतात आणि बहुतेक सोळा टाके घालतात. धागा केसाहून बारीक, सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही. पारपटलात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून रक्तगट जुळवावा लागत नाही. आता पूर्ण जाडी बदलायची गरज दर वेळी नसते. फक्त आतला थर बिघडला असेल तर तेवढाच बदलतात. दात्याचा तो थर आत सोडतात, खालून हवेचा बुडबुडा देतात, आणि रुग्णाला छताकडे बघत उताणं झोपायला सांगतात. बुडबुडा त्या थराला जागेवर दाबून धरतो.

त्यामुळेच एका पारपटलाचे कधीकधी दोन उपयोग होतात. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला गेले, तेव्हा बंगळुरूच्या नारायण नेत्रालयात त्यांच्या दोन पारपटलांचे पुढचे आणि मागचे थर वेगळे करून चार जणांना दिले. त्यांचे वडील डॉ. राजकुमार यांनीही २००६ मध्ये नेत्रदान केलं होतं.

आत्याबाईंसाठी: शिबी राजाची गोष्ट त्यांना ठाऊक असेलच. आपल्याकडे तो कबुतरासाठी मांडीचं मांस देतो. बौद्धांच्या जातककथेत तोच राजा डोळे मागायला आलेल्याला डोळे देतो. माझ्या एका पेशंटच्या सासूबाईंना हे सांगितलं होतं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, “म्हणजे आपल्यातलंच आहे की.”

---

जुनं_गाठोडं | २९ ऑगस्ट, रात्री १०:२०

पापणीकाठ यांनी चुन्याचा विषय काढला म्हणून लिहितो. जगातलं पहिलं यशस्वी पारपटल प्रत्यारोपण चुन्यानेच डोळे गेलेल्या माणसाचं होतं. ७ डिसेंबर १९०५, ओलोमोउत्स, आजच्या चेक प्रजासत्ताकात. डॉक्टर एडुआर्ड झिर्म. रुग्ण अलोइस ग्लोगार हा शेतमजूर. अकरा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यात लोखंडाचे कण घुसून तो डोळा काढावा लागला होता, त्याचं पारपटल झिर्मनी ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत बसवलं. एक टिकलं. तो मजूर पुन्हा कामाला जाऊ लागला.

मृत्यूनंतर घेतलेलं पारपटल चालतं हे १९३० च्या दशकात ओडेसाला फिलातोव्ह यांनी रुळवलं. १९४४ मध्ये न्यूयॉर्कला नेत्रपेढी निघाली आणि पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, आपल्या मद्रासला. डॉ. मुथय्यांनी एग्मोरच्या सरकारी नेत्र रुग्णालयात ती सुरू केली. अजून आपण स्वतंत्रही झालो नव्हतो!

श्रीलंकेबद्दल वाचलं की मला आदर वाटतो. हडसन सिल्वा या डॉक्टरांनी विद्यार्थी असताना १९५८ मध्ये वर्तमानपत्रातून डोळे मागितले. १९६० मध्ये त्यांची आई वारली, तेव्हा तिचे दिले. १९६४ मध्ये सिंगापूरला पहिले डोळे पाठवले आणि पुढे कितीतरी देशांना. एवढंसं बेट, आणि स्वतःची गरज भागवून जगाला देतं.

---

उसाचा_फड | ३० ऑगस्ट, सकाळी ६:५०

मी पहिल्यांदाच लिहितोय हितं. मी घेणाऱ्यातला हाय.

आठ वर्षामागं ऊस तोडताना पात डाव्या डोळ्याला लागली. नुसतं खुपतंय म्हणून दोन दिवस काढलं. मग कुणीतरी झाडपाला पिळला, मेडिकलमधून थेंब आणलं. त्या थेंबानं आदी बरं वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका आला आणि वाढतच गेला. डॉक्टर म्हणाले बुरशी हाय, आणि त्या थेंबानं तिला खतपाणी मिळालं. जखम भरली, पण फूल पडलं. उजेड-अंधार कळायचा, बाकी काय न्हाई. उजवा डोळा लहानपणापासूनच अधू. म्हंजे गेल्यातच जमा.

यादीत नाव होतं. एका शुक्रवारी दुपारी फोन आला, आज रात्री या, जेवून येऊ नका. डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन दिलं, मी जागा होतो. डॉक्टर आपसात बोलत होते ते ऐकू येत होतं. पट्टी काढली तवा सिनेमात दाखवत्यात तसं काय झालं न्हाई. सगळं दुधातनं बघितल्यागत. महिन्या-दीड महिन्यानं बायकोच्या कपाळाची टिकली दिसाय लागली. टाकं ताणलेलं असत्यात म्हणून चष्म्याचा नंबर सारखा बदलतो. वर्षानंतर एकेक टाका काढत गेले.

लोकास्नी वाटतं बसवलं की झालं. तसं न्हाई. थेंब अजून चालू हायत. मला चार गोष्टी पाठ करून घेतल्यात: डोळा लाल झाला, उजेड सोसंना, दिसायला कमी आलं, दुखाय लागलं, यातलं एक जरी झालं तर त्याच दिवशी या. एकदा झालं होतं. कापणी सोडून एसटी धरली. वेळेत गेलो म्हणून वाचलं.

कुणाचं हाय ते सांगत न्हाईत. इचारलं होतं मी. दर पितृपंधरवड्यात एक पान जादा वाढतो, नाव माहीत न्हाई म्हणून नुसतं ‘त्येंच्यासाठी’ म्हणतो.

---

कृष्णाकाठ | ३० ऑगस्ट, सकाळी ७:३०

उसाचा_फड दादा, आत्ताच आईला वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं.

---

थेम्सवरून | ३० ऑगस्ट, संध्याकाळी ५:१५

मी इंग्लंडमध्ये नर्स आहे, मूळ अलिबागची. इथे २०२० च्या मे महिन्यापासून ‘नको’ असं नोंदवलं नसेल तर तुमची संमती आहे असं धरतात. वेल्समध्ये हे २०१५ पासून आहे. तरीही माणूस गेल्यावर घरच्यांशी बोलतातच, आणि घरचे म्हणाले ‘त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं’, की अडतं. कायदा वेगळा असला तरी गाठ तिथेच येते. मी आईला अलिबागला फोनवर विचारलं, तुझं काय? ती म्हणाली, घे की, मला काय विचारतेस. दहा सेकंदांचं बोलणं. इतकी वर्षं ते केलं नव्हतं याचं वाईट वाटलं.

---

मनमाड_जंक्शन | ३१ ऑगस्ट, रात्री ८:४५

एक विचारायचंय, राग मानू नका. जमा होणाऱ्या डोळ्यांपैकी निम्म्याच्या आसपासच प्रत्यारोपणाला वापरले जातात असं वाचलं. मग बाकीचे? आमच्या आईचे आम्ही दिले होते, नंतर कळलं की वापरता आले नाहीत. तेव्हापासून भाऊ म्हणतो उगाच दिले.

आणि माझा चुलतभाऊ अपघातात गेला. पोलीस केस म्हणून आम्ही गप्प बसलो. तेव्हा देता आले असते का?

---

बर्फाचा_डबा | १ सप्टेंबर, रात्री १२:३०

मनमाड_जंक्शन, राग कसला. आत्ताच एका कॉलवरून आलोय, तुमचं वाचलं आणि झोपायच्या आधी लिहितोय.

आकडा साधारण बरोबर आहे. उतारवयात पेशी कमी झालेल्या असतात, कधी रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह येतो, कधी डोळा सुकून आलेला असतो. पण प्रत्यारोपणाला न बसलेलं पारपटल फेकत नाहीत. ज्याचा डोळा जंतूंनी फुटायला आलाय त्याला तात्पुरतं झाकायला पेशी कमी असलेलं पारपटलही लावतात, म्हणजे निदान डोळा वाचतो. पांढऱ्या भागाचे तुकडे ठिगळ म्हणून लागतात. आणि नवे डॉक्टर टाके घालायला शिकतात ते याच पडद्यांवर. त्यांचा हात माणसाच्या डोळ्यावर पहिल्यांदा चालतो तेव्हा तो कुणाच्या तरी आईच्या पारपटलावर बसलेला असतो. हे भावाला नक्की सांगा.

उतारवयातले डोळे कमी वापरता येतात, याच कारणाने मोठ्या रुग्णालयांत समुपदेशक ठेवायची पद्धत आली. हैदराबादला १९९० मध्ये सुरू झाली. तिथे तरुण वयात गेलेल्यांच्या नातेवाइकांशी बोलता येतं, कागदपत्रं हाताशी असतात, वेळ वाया जात नाही. पण ते काम फार जड आहे. तरुण मुलगा गेलेल्या बापासमोर बसून हा प्रश्न विचारायचा असतो. मी तीन महिने केलं, मग कॉलवर परत आलो.

अपघाताचं: पोलीस केस असली तरी देता येतात. पोलिसांची आणि शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची परवानगी लागते, ती आमची माणसं मिळवतात. तुम्ही फक्त ‘आम्हाला द्यायचेत’ एवढं पहिल्या तासात बोला. देहदान करायचं असेल तरी आधी डोळे घेता येतात. आणि घरी मृत्यू झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यापायी फार वेळ जातो, तेव्हा कृष्णाकाठ यांच्या घरी केलं तसं एकाने डॉक्टरांना आणि दुसऱ्याने पेढीला, दोन्ही फोन एकदमच लावा. नंबर नसेल तर १९१९ लावून बघा, पण आपल्या भागातल्या पेढीचा थेट नंबर असलेला केव्हाही चांगला. महिन्या-दोन महिन्यांनी तो अजून लागतो का तेही तपासा.

---

भाबडा_प्रश्न | १ सप्टेंबर, सकाळी ९:००

काल जेवताना बाबांशी बोललो. म्हणाले, “मोतीबिंदू काढलाय तरी चालतात? मग लिही माझं.” आत्यांना शिबी राजाचं सांगितलं. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही, पण नंबर कुठे लिहिलाय ते विचारून घेतलं.

---

कृष्णाकाठ | १ सप्टेंबर, रात्री ९:१०

पहिला नंबर आज पुन्हा लावून पाहिला. बंद आहे. दारावरचा तो खोडला आणि शेजारी नवा लिहिला. बाबांच्या अक्षराला हात लावायचा नव्हता म्हणून वरून फक्त एक रेघ मारली.

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी पेढीचं पत्र आलं होतं. दोन्ही पारपटलं दोघांना बसवली, एवढंच त्यात आहे. नाव-गाव काही नाही. आईने ते पत्र त्याच लाल रुमालात ठेवलंय, आजीच्या कार्डाबरोबर. उसाचा_फड दादा, टाके सगळे निघाले का हो तुमचे? आई विचारतेय.

---

उसाचा_फड | २ सप्टेंबर, सकाळी ६:२०

एक ऱ्हायलाय. येत्या गुरुवारी बोलवलंय. काकूंना सांगा, निघाला की कळवतो.